उलटी मखमल

काकांच्या दुकानात सगळं राखाडी होतं. शाळांचे गणवेश, कारखान्याचे गणवेश, पहारेकऱ्यांचे गणवेश. आईवडील गेल्यावर काकांनी मला दुकानामागच्या खोलीत वाढवलं आणि पाय मशिनला पुरायला लागले तशी मीही राखाडीच शिवायला लागले. कागदावर काही वेगळं काढत बसले की काका म्हणायचे, “झालं का डिझायनरबाईंचं? आता जरा कॉलरी लावा.” हसून म्हणायचे, त्यामुळे रागावताही यायचं नाही. माणूस वाईट असता तर मी केव्हाच पळून गेले असते.

मी एका गिऱ्हाइकाला शिवून दिलेलं जॅकेट एका फॅशन स्टुडिओच्या बाईंच्या नजरेत भरलं. त्यांनी निरोप पाठवला, स्वतःच्या डिझाइनचा कोट घेऊन ये, पसंत पडला तर हाताखाली घेईन. मला आभाळ ठेंगणं झालं. गडद हिरवी मखमल आणली, जेमतेम कोटापुरती. बाह्या आणि पुढचे भाग कापले, पाठ सकाळसाठी ठेवली.

सकाळी उठून पाहते तर पाठीचे दोन्ही भाग कापून तयार!

“दमली होतीस,” काका म्हणाले. “म्हटलं, तेवढाच माझा हातभार. आणि हे बघ, एक भाग उलटा फिरवून लावला. केवढं वाचलं!” त्यांच्या हातात मखमलीची वीतभर पट्टी होती.

मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एक तुकडा उलटा कापला की एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. गणवेशाच्या कापडाला वर काय नि खाली काय, आणि काकांनी जन्मभर तेच कापलं होतं. त्या पट्टीतून फार तर एक खिसा निघाला असता.

सांगायला तोंड उघडलं, पण काकांचा चेहरा इतका खुलला होता की शब्द गिळला. “छान झालंय,” मी म्हणाले. मग दिवसभर स्वतःवरच चरफडत कोट शिवला. दुकानातल्या मिणमिणत्या दिव्याखाली फारसं कळत नव्हतं. कदाचित तिथेही कळणार नाही, अशी मनाची समजूत घातली.

“एकटी कशी जाशील?” म्हणत काका बरोबर आले. इस्त्रीचा शर्ट घालून.

बाईंनी कोट खिडकीशी टांगला. पाठीचा एक भाग हिरवा, दुसरा जवळजवळ काळा.

“पाठ कुणी कापली?”

“मी,” मी म्हणाले.

“खोटं कशाला बोलतेस गं?” काका लाजत पुढे झाले. “पाठ माझी हो बाई. बाकी सगळं पोरीचं.”

बाईंनी मला विचारलं, “तुला दिसलं होतं?”

“हो.”

“यांना सांगितलंस?”

मी मान खाली घातली.

“काय दिसलं?” काकांनी विचारलं. बाईंनी कोटाची घडी घालून माझ्या हातात दिली. काका बाहेर चपला घालत होते तेव्हा हळूच म्हणाल्या, “बाह्या सुरेख बसवल्या आहेस. नवा कोट घेऊन पुन्हा ये. पण एकटी ये.”

वाटेत काकांनी कोट माझ्या हातून घेतला. मग म्हणाले, “काय चुकलं गं?”

“बटणं.”

“तरी मी म्हणतच होतो, मोठी वाटतात!” त्यांचा जीव भांड्यात पडला. “जाऊ दे. पुढच्या वेळी पहिल्यापासून आपण दोघं मिळून करू. मी असताना तुला कसली काळजी?”

मला तिथेच रस्त्यावर बसून रडावंसं वाटलं. माझ्यावर इतकी माया करणारं दुसरं कुणी नव्हतं आणि मला गुदमरायला होत होतं.

दुकान उघडून काकांनी राखाडी कापड टेबलावर पसरलं आणि कात्री माझ्यापुढे धरली.

“करू ना मिळून?”

“हो, काका,” मी म्हणाले आणि कात्री घेतली.