यादीतली सातवी ओळ

गिऱ्हाइकं मिस्त्रीला 'कान' म्हणत. गाडी कानाकडे टाकलीय, असं लोक सर्रास बोलत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. तीस वर्षं त्याने इंजिनं नुसती ऐकून ओळखली होती. आता उजवा कान पार गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. याचा पत्ता कोणालाच नव्हता. बायकोला वाटे, म्हातारपणी नवऱ्याला शिंगं फुटली, दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही. तिने तसं समजणं त्याच्या सोयीचं होतं. गॅरेजात तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवी, मूठ जबड्याच्या हाडाला लावी आणि हाडातून जेवढं पोचेल तेवढ्यावर वेळ मारून नेई. बघणाऱ्यांना ती उस्तादाची लकब वाटे. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखी. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणणार? हे उघड झालं की शटर कायमचं खाली येणार, हे तो जाणून होता.

त्याचा पुतण्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होता. आपल्या साध्या घरगुती गाडीला मोठा टर्बो बसवायचा, या एका वेडापायी त्याने तीन वर्षं पैसे साठवले होते आणि लग्नही पुढे ढकललं होतं. एका दुपारी तो गॅरेजात वही उघडून बसला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, पण हा पाहुणा एकटा येत नाही, सगळा गोतावळा घेऊन येतो. हवा वाढली की पेट्रोल जास्त लागतं, म्हणून मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप. हवा तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर. ताकद वाढली की जुना क्लच घसरतो, म्हणून क्लच. आणि टर्बोला तेल पोचवणारी नवी नळी.

"सहा ओळींतच पैसे संपतात, काका," पुतण्या म्हणाला. "टर्बो नकली घेऊ का? निम्म्यात येतो."

"त्याचं पातं तुटून आत गेलं की काय करशील? पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचव."

"मग ही सातवी ओळ काढावी लागेल. नाहीतर अजून चार महिने थांबतो."

सातव्या ओळीत एक छोटा संच होता. इंजिनावर बसवायचा माइक आणि समोर एक लाल दिवा. दाब वाढल्यावर पेट्रोल अवेळी भडकलं, तर आतून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो ऐकून लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला नाही, तर पिस्टन फुटतो. संचातला माइक तो आवाज ऐकतो आणि दिवा लावतो. मिस्त्री त्या ओळीकडे बघत राहिला. दिवा त्याला दिसला असता. सगळ्या यादीत त्याच्या गरजेची तेवढी एकच वस्तू होती.

"खरं सांगू, ही लिहितानाच मला कसंतरी वाटलं," पुतण्या हसला. "तुम्ही शेजारी बसणार आणि मी माइक लावणार."

थांब चार महिने, एवढेच तीन शब्द म्हणायचे होते. मिस्त्रीने त्याच्या हातातलं पेन घेतलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला आणि ती ओळ त्याने स्वतः खोडली.

सगळे भाग बसायला महिना गेला. मग एका सकाळी दोघं मोकळ्या रस्त्यावर निघाले. पुतण्या गाडी चालवत होता आणि मिस्त्री डावीकडे, मांडीवर लॅपटॉप घेऊन, ताकद वाढावी म्हणून इंजिनातल्या ठिणगीची वेळ थोडी थोडी अलीकडे आणत होता. इथे बॉनेट बंद होतं आणि स्क्रूड्रायव्हरचा काही उपयोग नव्हता. तळपायाला जी थरथर लागत होती तेवढाच त्याला आधार होता. चौथ्या गिअरला पुतण्याने पाय दाबला, गाडीने उसळी घेतली आणि तो काहीतरी बोलला. रस्त्याकडे बघत बोलला, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. आनंदाने बोलला असेल, असं वाटून मिस्त्रीने मान डोलावली.

दहा-पंधरा सेकंदांत पायाखाली धक्का बसला आणि मागे निळा धूर पसरला.

गाडी कडेला लागली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं. तेलाच्या झाकणातून फसफस धूर येत होता. पिस्टन फुटला होता, तपासायचं काही उरलं नव्हतं. पुतण्याची तीन वर्षं आपण मातीत घातली, हे त्याला एका क्षणात कळलं.

पुतण्या त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "काका, मी विचारलं ना, खडे वाजल्यासारखं वाजतंय, चालेल ना? तुम्ही मान डोलावलीत."

आता तरी सांगावं. मिस्त्रीने तोंड उघडलं.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "वाटलं, एखादी पट्टी सैल झालीय. चुकलं माझं."

पुतण्याने बाहीने डोळे पुसले आणि काकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या कानाला ओळखता आलं नाही, तर ते दुसऱ्या कोणालाच ओळखता आलं नसतं. दोन-तीन वर्षांत परत जमवतो मी. पण तेव्हाही तुम्हीच शेजारी बसायचं. दुसऱ्या कोणाच्या कानावर मी गाडी सोडणार नाही."

तो तोंडासमोर उभा राहून बोलत होता, त्यामुळे मिस्त्रीला शब्दन्‌शब्द कळला.

"बसेन," तो म्हणाला.