अर्ध्या गोळीची नोकरी

मित्रांनो, मी एक जुना अडकित्ता आहे. पोलादी पात्याचा, अंगावर पितळी मोर असलेला. माझं शिक्षण सुपारी कातरण्यापुरतं. पण नशिबात वैद्यकीय सेवा होती.

कुंडलच्या लोहारानं मला घडवलं आणि मी हवालदार नाथाजींच्या पान-सुपारीच्या चंचीत राहायला आलो. लग्नाच्या बैठकीत मी हातोहात फिरायचो. "काय धार हाय गड्या!" असं माणसं म्हणायची. मोराबद्दल कुणी काही बोलत नसे, पण ते मी मनाला लावून घेतलं नाही. पुढं नाथाजी फौजेतून निवृत्त झाले, पाठोपाठ त्यांचे दातही निवृत्त झाले. कवळीला सुपारी झेपेना. मी चंचीच्या तळाशी गंजू लागलो.

चौऱ्याण्णव साली नाथाजींना रक्तदाब निघाला. माजी सैनिक म्हणून लष्करी दवाखान्यातून त्यांना महिन्याच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या. त्याच सुमारास गावाबाहेरच्या वडारवस्तीतल्या मनुबाईंनाही, म्हणजे गावच्या मनाक्कांनाही, रक्तदाब निघाला. रोग तोच, गोळीही तीच. पण मनुबाईंनी जन्मभर सुतकीनं, म्हणजे मोठ्या हातोड्यानं, दगड फोडला होता आणि त्या कामाला निवृत्ती नसते. गावच्या सरकारी दवाखान्यातला कारकून त्यांना म्हणाला, "तुमी फिरती माणसं. हितल्या लोकास्नीच गोळ्या पुरंनात." मनुबाई तरुणपणापासून इथंच फिरत होत्या.

आता आमच्याकडं शेंगा निघाल्या, हरभरा आला, की पहिला वाटा ओळखीपाळखीत पाठवायचा. त्याला वानोळा म्हणतात. नाथाजींनी गोळ्यांचाही वानोळा सुरू केला. मला राखेनं घासलं, तेल दिलं. रोज सकाळी मी एका गोळीचे दोन तुकडे करायचो. एक नाथाजी गिळायचे, दुसरा त्यांच्या पत्नी लीलाबाई पुडीत बांधून वस्तीवर न्यायच्या. मला वाटायचं, आपण दोन जीव वाचवतोय. प्रत्यक्षात दोन माणसं अर्धी अर्धी बरी होत होती.

एके दिवशी नाथाजींनी दूध डेअरीसमोर एका म्हशीला कडक सॅल्यूट ठोकला आणि ते आडवे झाले. मनुबाई तिथंच होत्या. त्यांनी हाळी देऊन बैलगाडी थांबवली, नाथाजींना गावच्या सरकारी दवाखान्यात आणलं आणि स्वतःच भिंत धरून खाली बसल्या.

डॉक्टर क्षमा नवीनच आल्या होत्या. दोघांचा दाब बघून त्या दचकल्या. "काका, गोळ्या घेता ना?"

"घेतो की. अर्धी मी, अर्धी ह्या मनाक्का."

"अहो, गोळी म्हणजे काय शेंगा आहेत वाटून खायला? दोघंही जाल एक दिवस!"

"मंग तिला कोण देणार?" नाथाजी पडल्यापडल्या म्हणाले. "मी बंदूक धरली, तिनं सुतकी धरली. दाब दोघांचा वरच चढतोय न्हवं?"

कारकून पुढं आला. "बाई, ही म्हातारी गावची न्हाई."

मनुबाई भिंतीपासूनच म्हणाल्या, "मंग तुझ्या आईचा पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी कोण लावतंय रं? पुण्यास्नं बाई येती व्हय?"

धावत आलेल्या लीलाबाई हे ऐकून तशाच मागं फिरल्या. तासाभरात त्या परतल्या त्या डोक्यावर चटणीचा पाटा घेऊन. मागं गल्लीतल्या साऱ्या बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर पाटा. "ह्यो बघा, ह्यो पण बघा. समद्यावर मनाक्काची टाकी हाय. ही गावची न्हाई तर आमीबी न्हाई!" पाटे एकावर एक टेबलावर आले. सातव्या पाट्याला टेबलाचा पाय मोडला. शेवटचा पाटा कारकुनाची आई घेऊन आली होती. तिनं तो टेबलावर ठेवला नाही, कारकुनाच्या हातात दिला आणि म्हणाली, "धर. आता बोल."

तो पाटा पोटाशी धरून वाकला. बोलता येण्यासारखं वजन नव्हतं ते.

डॉक्टरबाईंनी कपाट उघडलं. "आजारी माणूस दारात आला की तो या दवाखान्याचा. आजी, रोज एक घ्यायची. अख्खी." पुढल्या आठवड्यापासून त्या स्वतःच वस्तीवर जायला लागल्या. तिथं असे आणखी किती म्हातारे निघाले!

माझी नोकरी गेली. इतक्या आनंदानं बेकार झालेला अडकित्ता तुम्हाला सापडायचा नाही. मित्रांनो, माझ्यासारख्याला कधीमधी तेलाचं बोट लावा, एवढीच विनंती. आणि घरात कुणी म्हातारं माणूस गोळीचे दोन तुकडे करताना दिसलं, तर हसू नका. जवळ बसा आणि विचारा, दुसरा तुकडा कुणाचा. मग दोघं मिळून त्या माणसाच्या दारात जा.