झडपकाका

हॉस्टेलवर सगळे तिला बारकी म्हणत. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती, आणि तेही हृदयाच्या रुग्णापाशी. परीक्षकांनी विचारलं, "आवाज ऐकू येतोय?" हिने आपली मान डोलावली, कसला ते मात्र सांगता आलं नाही.

तेव्हापासून ती रोज सकाळी वॉर्डात झडपकाकांकडे जायची. काका छापखान्यातले निवृत्त बाइंडर. हृदयाची एक झडप आक्रसलेली, ऑपरेशनला त्यांनी केव्हाच साफ नकार दिलेला. वर्षातून दोन-तीनदा भरती व्हायचे, आणि परीक्षेला हमखास बोलावले जायचे. विद्यार्थ्यांचा घोळका आला की म्हणायचे, "ढकलाढकली नको, हृदय कुठे पळून जात नाही."

बारकीचा कान त्यांनीच तयार केला. डाव्या कुशीवर वळायचे, श्वास सोडून धरायचे. "आता ऐक. लांबून गाडी गडगडत जाते ना, तसं." आठव्या दिवशी तिला ऐकू आलं, तेव्हा काकाच जास्त खूश झाले.

परीक्षेत तिच्या वाट्याला नेमके तेच आले. पडदा ओढताच पुटपुटले, "सुटलीस बघ!"

पण त्यांचे ओठ निळसर पडले होते. पाय सुजून टम्म. तिने आडवं व्हायला सांगितलं, तर दोन क्षणांत धडपडत उठून बसले.

"काका, हे कधीपासून?"

"काल रात्रीपासून. तू लिही गं. तुझं होऊ दे आधी."

लिहायला अर्धा तास होता. उत्तर तिला पाठ होतं. कागदावर दोन ओळी उतरल्याही. मग तिने पेन टाकलं आणि सिस्टरांना हाक मारत धावली.

काकांना अतिदक्षता विभागात हलवलं. परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, "वेळ वाढवून मिळणार नाही." तिला दुसरा रुग्ण दिला, यकृताचा. तिने जमेल तसं निभावलं. पुढचे दोन दिवस तोंडी परीक्षेचे. काकांना भेटायचं होतं, पण पुस्तकातून डोकं वर निघेना. एकदाची परीक्षा संपली की निवांत जाऊ, असं तिने मनाशी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, तर दाराबाहेर काकांची मुलगी कागदांवर सह्या करत होती.

"पहाटे गेले," ती म्हणाली. मग बारकीच्या उंचीकडे बघून, "तुम्हीच का बारकी?"

बारकीने मान डोलावली.

"दोन्ही दिवस एकच धोशा. पोरगी पास झाली का, विचारून ये. मी कुणाला विचारणार? शेवटी सांगितलं, झाली म्हणून. तेव्हा कुठे गप्प पडले." तिने डोळे पुसले. "झालात ना?"

निकाल लागायला अजून महिना होता.

"मी यायला हवं होतं," बारकी कशीबशी म्हणाली. "दोन जिने तर चढायचे होते."

 सह्या अजून बाकी होत्या, पण मुलीचा हात थांबला होता. बारकीने तिच्या हातातले कागद घेतले आणि कुठे सही करायची ती एकेक जागा बोटाने दाखवत राहिली.