आनंदाला जरा बाजूला उभं करून

काचेच्या त्या दुकानात एक नियम होता. मनात काही उसळलं, की कटर खाली ठेवायचा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि काय उसळलंय त्याचं नाव मोठ्याने सांगायचं. दुकानाचे मालक, म्हणजे काका, त्यांना पटलं, तरच उठायचं. काच म्हणे मनगटातलं सगळं ऐकते आणि मग वाटेल तिथे तडकते. नियम इतका कडक, की मागच्या निवडणुकीच्या निकालाला खुद्द काका अख्खी दुपार स्टुलावर बसून होते.

आज त्यांच्या पुतणीची, बारकीची, परीक्षा होती. आजवर तिने खिडक्यांच्या किरकोळ काचाच कापल्या होत्या. आज सलूनवाल्यांचा भिंतभर आरसा ती एकटी मापात कापणार होती. एवढा मोठा आरसा दुकानात एकच. तो फुटला, तर इथून पुढे मोठी कामं दादाकडे, हे काकांनी हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगून टाकलं होतं.

दादा, म्हणजे काकांचा मुलगा, त्याच आरशात भांग पाडत म्हणाला, "बारके, बघून घे स्वतःला. थोड्या वेळाने तुकड्या-तुकड्यात शोधावं लागेल."

बारकीने कटर ठेवला आणि तरातरा जाऊन स्टुलावर बसली. "राग!"

"नाही," काका चष्म्यावरून म्हणाले.

"मला त्याची मान मुरगळायचीय, काका!"

"ती तर तुला रोजच मुरगळायची असते. आजचं सांग."

"मग भीती."

"घाबरलेलं माणूस पाय हलवत गुणगुणत नाही."

तेवढ्यात सलूनवाले आत घुसले. "गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी कोऱ्या भिंतीकडे बघत बसलंय! कुठाय आरसा? मला भयंकर राग आलाय!"

"सरक गं जरा," काका म्हणाले. सलूनवाले अर्ध्या स्टुलावर टेकले. विचारात पडले. "राग... म्हणजे, सकाळपासून पोटात काही नाही."

"पटलं," म्हणत काकांनी बिस्किटं पुढे केली.

बारकी बघतच राहिली. मग तिनेही स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. राग नव्हताच. भीती होती, पण तोंडी लावण्यापुरती. बाकी नुसतं उधाण. शाळा सुटायच्या आधी वर्गात असतं ना, तसलं.

"काका, मला आनंद झालाय! अजून काही केलंही नाही आणि झालाय!"

"हां, आता खरं. मग काय करणार त्याचं?"

"हाकलला तरी जायचा नाही. बाजूला उभा राहा म्हणते."

"ऊठ."

तिने पट्टी लावली, श्वास सोडला, कटर ओढला. बारीक कर्रर आवाज, एका दमात. सलूनवाल्यांनी बिस्किट चावायचं थांबवलं. बारकीने आरसा टेबलाच्या काठावर घेतला, दाबला. टक! सुरीने लोणी कापावं तसा आरसा बरोबर रेषेवर तुटला.

आणि बाजूला उभा केलेला आनंद रांग मोडून आला. गुडघे उडी मारायला निघाले. हातात भिंतभर आरसा! हा आनंद आहे, तिने मनाला बजावलं, याला उडी मारायचीय, आणि आत्ता मारायची नाही.

"दादा, धर," ती बँकेतल्या बाईच्या आवाजात म्हणाली. "दोन्ही हातांनी."

"दोनच आहेत मला," दादा पुटपुटला, पण त्याने आरसा तान्ह्या बाळासारखा घेतला.

बारकी शांतपणे बाहेर गेली. गाड्या येत नाहीत ना, ते दोन्हीकडे पाहिलं. आणि मग अशी काही किंचाळली, की रस्त्याकडेला उभ्या गाडीचा अलार्म सुरू झाला. तिने त्याच्याही वर आवाज चढवला.