राहूड घाटापल्याडची बहीण

भाकरी करायला रंगूबाईनं परात ओढली, तर परातीत फटफटीचा कारबोरेटर पेट्रोलात भिजत पडलेला.

"आता ह्याच्या भाकरी थापू का?" तिनं विचारलं.

"दुसरी परात घे ना," तिचा नवरा लहानू ओट्यावरून म्हणाला. "बारीक भोकं असत्यात त्याला. भिजल्याबिगर मोकळी व्हत नाय."

"अन् माझी परात कधी मोकळी व्हनार?"

त्यांच्या अन् आमच्या घरात एकच भिंत, म्हणून हे सगळं आमच्या कानावर यायचं. लहानूनं पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसात तीस वर्षं मशिनी सांभाळल्या. गेल्या दिवाळीला तो घरी बसला, पण हात कुठले बसतात? भंगारवाल्याकडून त्यानं चाळीस वर्षांपूर्वीची एक बारकी फटफटी उचलून आणली. दिव्याच्या वाटीत चिमणीनं घर केलेलं, टायर उंदरांनी कुरतडलेलं. चार महिने तो तिच्यामागं लागला. काजव्यागत मिणमिणणारा दिवा काढून बारा व्होल्टाचा बसवला, वायरिंग नवी ओढली, मागं लांब मऊ सीट शिवून घेतलं. ते सीट कुणासाठी, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

रंगूबाईची थोरली बहीण मैना राहूड घाटाच्या पल्याड दिलेली. गुडघे धरल्यापासून तिचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं. फोनवर एकच म्हणायची, "दोन वरीस झाले, तुझं तोंड दिसलं नाय."

"पोरगा नाशकाहून आला की त्याच्या गाडीवर जाईन," रंगूबाई म्हणाली.

"त्याला कधी सुट्टी मिळायची? आपल्या फटफटीवर जाऊ," लहानू म्हणाला.

एका रविवारी निघाले. चांदवडपर्यंत गाडी झकास पळाली. घाटाच्या पहिल्याच चढाला मात्र तिला धाप लागली. कांद्याचे ट्रक हॉर्न वाजवत पुढं निघून गेले. शेवटी गाडी जागेवरच घुटमळायला लागली, तेव्हा लहानूनं ती माघारी वळवली. गावात शिरले, तर पारावर गल्लीतला बारकू बसलेलाच होता.

"लहानूभाऊ, घाट तिथंच हाय ना?"

लहानूला त्याचं काही वाटलं नाही. घरी आल्यावर रंगूबाईनं बहिणीसाठी बांधलेले शेंगदाण्याचे लाडू परत डब्यात भरून ठेवले, ते मात्र त्याला लागलं.

पुढं आठ दिवस लहानू जेवतानाही इंजिनाकडंच बघायचा. प्लग बदलला, रिंगा बदलल्या, कारबोरेटर तीनदा धुतला. सपाटीला गाडी पळायची, पण गावाबाहेरच्या टेकाडावर घातली की तिचा दम संपायचा.

एका दुपारी गाडी अंगणात चालू होती. रंगूबाई कांद्याची पात घेऊन मागून चालली होती. ती थांबली, अन् सायलेन्सरच्या तोंडामागं तिनं हात धरला.

"हिच्या ढुंगनातून वाराच येत नाय."

"तू जा, तुला काय कळतंय त्यातलं?"

"चुलीचं कळतंय. धुराडं चोंदलं की वाळलेलं लाकूडबी जाळ धरत नाय. दुखनं रेड्याला अन् डाग पखालीला, तसं चाललंय तुमचं."

ती आत निघून गेली. लहानूनं इंजिन बंद केलं. मग गाडी निवल्यावर त्यानं सायलेन्सर खोलला. आतली नळी डांबरासारख्या काजळीनं गच्च भरली होती. वर्षानुवर्षं ऑइल जळून बसलेली ती काजळी त्यानं सळईनं खरवडून काढली. गाडी पुन्हा चालू केली तर आवाजच बदलला. टेकाडावर ती दुसऱ्या गिअरात चढली.

आत येऊन तो एवढंच म्हणाला, "लाडू हायेत का अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. घाटात गाडी वीसच्या वेगानं चढली, पण थांबली नाही. माथ्यावर वारा एवढा, की रंगूबाईला एका हातानं पदर अन् दुसऱ्या हातानं नवरा धरावा लागला.

मैना ओट्यावर बसली होती. बहिणीला बघून तिनं डोळे पुसले, लाडू खाल्ला अन् मग बराच वेळ फटफटीकडं बघत राहिली.

"लहानूभाऊ, मळ्यापरेंत न्याल का मला? दोन वरीस झाले, विहीर बघितली नाय."

दोघांनी धरून तिला मागं बसवलं. मऊ सीटवर ती नीट टेकली, काठी रंगूबाईच्या हातात दिली. गाडी मळ्याच्या पांदीनं निघाली तशी शेजारणी दारात आल्या. मैना कुणाला हात करत होती, बांधावरच्या कुणाला नावानं हाका मारत होती.

अर्धा तास झाला तरी दोघं परतली नाहीत. चहा निवला, रंगूबाईनं पुन्हा गरम केला. तेवढ्यात पांदीतून फटफट ऐकू आली. गाडी दारापाशी आली, पण थांबली नाही. मागून मैना ओरडून सांगत होती, "खालच्या आळीत जाऊन येतो. तू चहा घे."

रंगूबाई काठी घेऊन ओट्यावर बसली अन् दोघांच्या वाटचा चहा एकटीनं प्याली.