फिरता मंच

चाकाचं रबर एका बाजूनं चेपलं होतं... अंगठा टेकवला तर नेमका बसेल एवढा खळगा. चहा निवून साय धरली तरी तिचा अंगठा त्या खळग्यातच होता.

"खायच्या टेबलावर ते मेलं चाक कशाला?" आई म्हणाली.

"काल तालमीत मंच अडकला गं. त्याच्याच खालचं आहे."

"मग सोडवा की. एवढी माणसं आहात."

एवढी माणसं... नाट्यगृहाच्या वर्कशॉपची ती प्रमुख. हाताखाली सुतार, वेल्डर, रंगारी आणि दोन मदतनीस. तीन महिने खपून उभारलेला फिरता मंच काल अर्ध्यावर कलून थांबला, वरची नटी कठडा धरला म्हणून वाचली, आणि ही सगळी मंडळी एकदम जमिनीकडे बघायला लागली. दिग्दर्शक आवाज न चढवता म्हणाला, "शनिवारी पहिला प्रयोग आहे. मंगळवारपर्यंत फिरला नाही तर जागच्या जागी ठोकून टाका." ओरडला असता तर बरं झालं असतं.

कुणी केलं हे? दारातून शिरताच विचारायचं, रस्ताभर ती घोकत होती. पहिल्या नोकरीतला मुकादम असंच विचारायचा, याच सुरात — आणि मी काय करायचे तेव्हा? शेजारच्याकडे बघायचे. तो त्याच्या शेजारच्याकडे. चूक कधी सापडायचीच नाही, नुसती या अंगावरून त्या अंगावर फिरत राहायची...

वर्कशॉपमध्ये सगळे खाली मान घालून कामात होते. रंगारी धुतलेला ब्रश पुन्हा धूत होता. तिनं चाक मंचावर ठेवलं, शेजारी फतकल मारून बसली आणि घोकलेलं वाक्य तोंडातून आलंच नाही.

"हे मला आधी दिसायला हवं होतं. नाही दिसलं. कुणाला काही जाणवलं होतं का?"

मग वेल्डर म्हणाला, "आवाज येत होता, ताई. खालून, कुरकुर. चार-पाच दिवस तरी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतो. पण तुम्ही सुतारकाकांना म्हणालात ना — आता नवीन काही काढू नका, फक्त संपवा."

म्हणाले होते मी. तोंडात केसाची पिन धरून, मान वर न करता. तिचे कान तापले. दिग्दर्शकाची घाई, अपुरी माणसं, सगळी उत्तरं जिभेवर येऊन उभी राहिली — आणि तिनं ती तिथंच राहू दिली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पुढे बोल."

"मग माझंही ऐका," सुतारकाका म्हणाले. "चाकं मोजली ती रिकाम्या मंचासाठी. वरचा तो देखाव्याचा खडक तेव्हा ठरलाच नव्हता."

"खडकाला प्लास्टर जरा जास्तच बसलंय," रंगारी ब्रशकडे बघत पुटपुटला.

"जरा? चौघांना हलत नाही तो!" वेल्डर म्हणाला.

कुणीतरी हसलं. मग खडक उतरवला, पाठीमागून पोखरला, चाकांची आणखी एक रांग बसवली. दुपारी मंच पाव फेरा फिरला, कण्हत कण्हत.

"थांबा ताई, डावीकडे घासतंय," मागून एक मदतनीस म्हणाला. आजवर त्याचा आवाज तिनं नीट ऐकलाच नव्हता.

तिनं हात वर केला. मंच थांबला. लगेच सगळे वाकून एकमेकांचं बोलणं तोडत बोलू लागले — पाचर मारा, नाही, आधी पातळी बघा, अरे ऐक तर. मंगळवारपर्यंत होईल? कुणास ठाऊक... होईलही. त्या गलक्यात उभी असताना तिच्या ध्यानात आलं, आपल्याला भूक लागली आहे. चांगली सणसणीत, कित्येक दिवसांत लागली नव्हती तशी.