शेवटचे तीन हात

गुड फ्रायडेच्या सकाळी पायबसबाई तीच सुरी तिसऱ्यांदा घेऊन आल्या, तेव्हा नोला ट्रिफिटनं मनाशी ठरवून टाकलं, की आता पुरे.

बाई भांडायला आल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्या पडल्या मायाळू. भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली सुरी त्यांनी शेडमधल्या बाकावर अगदी हळू ठेवली.

"राग मानू नकोस हं, नोला. पहिल्या दिवशी लोण्यासारखी चालते बघ. पण चौथ्या दिवशी टोमॅटोसुद्धा जुमानत नाही. तुझ्या बाबांची धार सहा-सहा आठवडे टिकायची. त्यांचा हातगुणच वेगळा!"

हा हातगुण नोला अकरा वर्षं ऐकत होती. बाबांच्या मनगटांनी दगा दिला आणि दगड, पाणी, चामड्याचा पट्टा असा सगळा संसार तिच्याकडे आला, तेव्हापासून. त्याआधी वीस वर्षं ती बाबांच्या शेजारी उभी राहून हेच काम शिकत होती. एकतीस वर्षांत माकडसुद्धा शिकलं असतं, असं ती स्वतःशीच म्हणायची.

ह्युऑन नदीच्या त्या खोऱ्यात सफरचंदं आणि चाकू यांना तोटा नव्हता. चर्चमध्येही प्रत्येक पुरुषाच्या खिशात घडीचा चाकू असायचा. बागवाल्यांना कलमाचा चाकू वेगळा, बायकांना मुरंब्याच्या दिवसांत सुऱ्या हव्यात त्या वेगळ्या. कुणाला नवा चाकू घ्यायचा झाला की तो आधी नोलाकडे यायचा. ती चाकूकडे बघायचीच नाही. आधी माणसाचा हात बघायची. "तुझी बोटं आखूड आहेत, ही लांब मूठ तुझ्या हातात फिरेल," असं सांगायची. "चकाकतंय ते पातं नको, ते बघायला असतं. बाकावर टोक टेकवून थोडं दाब. वाकून सरळ झालं तर घे, नुसतं वाकलं तर दुकानदाराला भेट दे." तिनं निवडून दिलेला चाकू माणसाला जन्मभर पुरायचा. म्हणून गावात एक म्हणच पडली होती, की चाकू निवडावा नोलानं आणि धार लावावी पर्सीनं, म्हणजे तिच्या बाबांनी. लोक ती कौतुकानं म्हणायचे. तिच्या जिवाला ती लागायची.

तिनं काय करून पाहिलं नव्हतं? दगड बदलले. पाण्याऐवजी तेल वापरलं. एका पावसाळी हिवाळ्यात रोज दोन तास स्वतःच्याच सुऱ्या घासल्या. बाबांनी शिकवलेला नियम तिनं कधी मोडला नाही. नियम एकच होता. पात्याची पाठ दगडापासून दोन काड्यापेटीच्या काड्यांइतकी वर धरायची, आणि पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत ती उंची बदलायची नाही. "पाठ उचलली की धार मेली," असं पर्सी म्हणायचा. सुरुवातीच्या वर्षांत तिचं पातं जरा वर गेलं की तो लाकडी पट्टीनं तिच्या बोटांवर मारायचा. अजूनही पाठ वर जाईल की काय, या धास्तीनं तिची बोटं आखडायची.

त्या दिवशी दुपारी तिनं बाबांना सांगितलं. पर्सी ट्रिफिट एक्याऐंशी वर्षांचा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्याची खुर्ची होती आणि खिडकीसमोर शेडचं दार.

"बाक विकत मागणाऱ्या होबार्टच्या त्या माणसाला मी हो कळवलंय. मंगळवारी येऊन दगड, बाक, सगळं घेऊन जाईल. मी सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला लागते."

पर्सीनं खिडकीबाहेर पाहिलं. "हातगुण सगळ्यांकडे नसतो, पोरी. मनाला लावून घेऊ नकोस."

तिला ती त्याची माया वाटली. माया! हे पुढं आठवलं की तिला स्वतःचीच चीड यायची.

शनिवारी तिचा भाऊ लिंडसे होबार्टहून ईस्टरसाठी आला. तीन वर्षांनी धाकटा. अठराव्या वर्षी धारेच्या कामाला रामराम ठोकून जस्ताच्या कारखान्यात गेला तो गेलाच. वर्षातून दोनदा यायचा, ताईच्या हातचं खायचा आणि बाबांना सिगारेटी द्यायचा. आल्या आल्या मागच्या पायरीवर बसला, बादलीतून एक सफरचंद उचललं, खिशातला चाकू काढला आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, दगड दे गं जरा. ह्यानं साल निघत नाहीये."

"मीच लावून देते."

"बस गं. एवढं येतं मला."

तिनं दगड ओला करून दिला आणि दारातच उभी राहिली. लिंडसेचा हात चांगला होता, हे तिला मान्य करावं लागलं. पातं दोन काड्यांच्या उंचीवर सरळ चाललं होतं. मग शेवटी त्यानं पाठ उचलली. जरा अजून. जाड नाण्याइतकी. आणि अलगद, जेमतेम टेकवत, इकडून तीन हात, तिकडून तीन हात.

"अरे अरे अरे! काय करतोयस? मेली ना धार!"

"का?"

"पाठ उचललीस की शेवटी!"

"मग? उचलायचीच असते शेवटी." लिंडसेनं सालीची लांब गुंडाळी काढायला घेतली. "नाहीतर धार फार पातळ राहते, पहिल्या हाडालाच वळते. बाबांनीच दाखवलं मला, मी शाळेत होतो तेव्हा." त्यानं मान वर केली. बहिणीच्या चेहऱ्यावर काय दिसलं देव जाणे, पण त्याचा हात थांबला. "ताई... तुला दाखवलं असेलच ना?"

नोला शेडमध्ये गेली आणि पायबसबाईंची सुरी घेऊन बसली. दोन काड्यांची उंची, सगळे हात नेहमीसारखे. मग पाठ उचलायची वेळ आली, तर बोटं ऐकेनात. सेहेचाळीस वर्षांच्या बाईची बोटं पट्टीच्या भीतीनं आखडली होती. तिनं श्वास धरला आणि पाठ उचलली. इकडून तीन. तिकडून तीन.

परवा रात्रीच्या मटणाचं हाड बाकाखाली कुत्र्यासाठी ठेवलेलं होतं. तिनं सुरी त्या हाडावर वीसदा ओढली. तिची नेहमीची धार पाचव्या वेळेलाच गेली असती. मग वर्तमानपत्राचं पान हवेत धरून कापलं. पान आवाज न करता दोन झालं. ही बाबांची धार होती. कुठेही ओळखली असती तिनं.

आणि मग तिला चहा आठवला.

रोज दुपारी सगळ्या सुऱ्या रांगेत मांडल्या की बाबा म्हणायचे, "झालंच आता. शेवटचा हात मी फिरवतो. तू जा, चहा ठेव." आणि शेडच्या दाराकडे पाठ करून उभे राहायचे. रोज. वीस वर्षं. बाबांना चहाचं केवढं वेड, असं ती कौतुकानं शेजारणींना सांगायची. मनगटं गेली त्या दिवशी तिनं सरळ विचारलं होतं, "बाबा, शिकायचं काही राहिलंय का?" आणि बाबांनी सांगितलं होतं, "नाही. बाकीचं ज्याच्या त्याच्या हातात असतं."

माणसानं हातचं राखून शिकवावं, समजण्यासारखं आहे. परक्याला शिकवताना सगळेच राखतात. पण पोटच्या मुलीला? घरात शेकडो सुऱ्या, आणि ह्या माणसानं केसानं गळा कापला.

रविवारी दुपारी टेबलावर भाजलेली मेंढीची तंगडी होती. मनगटं गेली तरी ईस्टरचं मांस कापायचा मान पर्सीचाच होता. दोन्ही हातांनी घरची मोठी सुरी धरून त्यानं पहिला काप काढला आणि त्याचा चेहरा उजळला. दुसरा काप आरपार दिसेल इतका पातळ निघाला.

"व्वा! ह्याला म्हणतात धार." त्यानं मुलाकडे पाहिलं. "लिंडसे, तू लावलीस ना? एवढ्या वर्षांनी हात विसरला नाही लेका!"

लिंडसे ताटाकडे बघत राहिला. "ताईनं लावली, बाबा."

पर्सीनं सुरी खाली ठेवली.

"तीन हात, पाठ उचलून," नोला म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता, की तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. "मला का नाही दाखवलंत?"

"मुलगी म्हणजे... तू लग्न करून अ‍ॅथोल डगनकडे गेली असतीस. नदीपलीकडं. ट्रिफिटांची धार डगनांच्या घरात गेली असती."

"अ‍ॅथोलला मी नाही म्हटलं. तुम्हाला एकट्याला झेपणार नाही म्हणून नाही म्हटलं. त्याला चोवीस वर्षं झाली. त्यानंतर?"

"त्यानंतर राहून गेलं."

"मला रोज चहा ठेवायला पाठवायचं मात्र राहून गेलं नाही."

खिडकीबाहेरच्या शेडच्या दाराकडे पर्सीची नजर गेली आणि नोलाला एकदम कळलं. त्यानं सांगायच्या आधीच कळलं.

"तुम्ही ऐकत होतात. इथं बसून."

"त्या दारात येऊन बोलतात ना सगळ्या," पर्सी म्हणाला. म्हातारा खोटं बोलायला थकला होता. "पर्सीची सर नाही म्हणतात. पर्सीचा हात म्हणतात. ह्या खुर्चीत बसून माणसाला ऐकायला दुसरं काय उरतं गं, नोला?"

"आणि मी? ते ऐकून ऐकून मी शेवटी बाक विकायला काढला. शुक्रवारी तुम्हाला सांगितलं. एक वाक्य बोलला असतात तरी पुरलं असतं. तुम्ही मला हातगुण नाही म्हणालात!"

"ताई, जेवण तरी..." लिंडसे म्हणाला.

"तू जेव. तुला सगळं आयतंच मिळालंय, हेही घे."

ती उठून शेडमध्ये गेली आणि दार लावून रडली. तिला अ‍ॅथोलसाठी रडू येत नव्हतं. हात जड आहे, हात जड आहे म्हणत ज्या हातांना तिनं अकरा वर्षं शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्या दोन हातांसाठी येत होतं.

मंगळवारी होबार्टचा माणूस गाडी घेऊन आला. नोलानं त्याला फाटकातच चहा पाजला, तंगडीचं उरलेलं मांस पावात घालून दिलं आणि रिकामी गाडी परत पाठवली. पायबसबाईंची सुरी ती स्वतः नेऊन देऊन आली. "चार दिवसांनी सांगा," एवढंच म्हणाली.

दुपारी बागवाल्यांचे सतरा कलमाचे चाकू आले. तिनं एकेक दगडावर घेतला आणि रांगेत मांडला. सगळे तयार झाले, फक्त शेवटचे तीन हात राहिले. तेवढ्यात काठीचा आवाज आला. पर्सी अंगण ओलांडून दारात येऊन उभा होता. कित्येक महिन्यांत तो इथवर आला नव्हता.

"बघू तरी," तो म्हणाला. आवाजात आर्जव होतं. "तुझा हात कसा चालतो, बघू दे मला."

नोलानं पहिला चाकू उचलला. मग दाराकडे पाठ केली.

"बाबा, झालंच आता. तुम्ही जा, चहा ठेवा."

मागे काठी वळली आणि एकेक पाऊल टाकत घराकडे गेली. स्वयंपाकघरात नळ सुटला. किटली भरून चुलीवर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत ती थांबली, आणि मग तिनं पाठ उचलली.